पाय पसरून बसलेली कोंबडी पुन्हा उभी राहिली

जवळजवळ रोज अंडे देणारी आमची कोंबडी एका सकाळी खुराड्यात पाय पसरून बसलेली आढळली. उचलून उभी केली तरी ती कोलमडत होती. आदल्या आठवड्यात तिच्या अंड्यांचे कवच बोटाने दाबताच पिचत होते, आणि नेमक्या याच खुणेकडे माझे दुर्लक्ष झाले. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग नाही, अंडेही अडकलेले नाही, कॅल्शियम कमी पडले आहे, असे पशुवैद्यकांनी तपासून सांगितले. इतर कोंबड्यांनी टोचू नये म्हणून तिला वेगळ्या टोपलीत ठेवले आणि पशुवैद्यकांनी दिलेले औषध चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजले, कारण घाईने ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते. पोटाखालचा भुसा ओला होताच बदलला. चौथ्या दिवशी ती टोपलीच्या काठाला टेकून, थरथरत का होईना, उभी राहिली. आता खाद्याशेजारी शिंपल्यांचा चुरा कायम असतो.