पेनला नास्तिक म्हणण्याआधी: या चुका टाळा

अभ्यासमंडळात बोलायचं असो की दिवाळी अंकात लिहायचं, युरोपातल्या मुक्तचिंतनाचा (धर्मसत्तेऐवजी बुद्धीनं विचार करण्याचा) विषय निघाला की काही चुका हमखास होतात. सगळ्यांत मोठी पहिली.

धर्मग्रंथ नाकारला म्हणजे देवही नाकारला, असं धरून चालणं. थॉमस पेनचं ‘एज ऑफ रीझन’ (१७९४) न उघडताच त्याला नास्तिकांच्या पंगतीत बसवलं जातं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो, मी एक देव मानतो आणि या जन्मापलीकडेही सुखाची आशा ठेवतो. क्रांतीच्या धामधुमीत फ्रेंच माणसं चर्चबरोबर देवालाही मोडीत काढतील, ही धास्ती तर हे पुस्तक लिहिण्यामागचं एक कारण होती. त्याला नको होते ते चमत्कार, साक्षात्कार आणि पुरोहित. ही सृष्टी हाच देवाचा खरा ग्रंथ, तो बुद्धीनं वाचावा, एवढाच त्याचा नैसर्गिक धर्म. म्हणून कुणावरही शिक्का मारण्याआधी बघा, तो नेमकं काय नाकारतोय: ग्रंथ, चमत्कार, पुरोहित की खुद्द ईश्वर?

संवादातलं वाक्य लेखकाच्या नावावर खपवणं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे नैसर्गिक धर्मावरचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये छापले गेले. विश्व हे एक प्रचंड यंत्र, तेव्हा त्याचा कुणी कर्ता असणारच, असं त्यात क्लिअँथिस नावाचं पात्र म्हणतं. फायलो हे दुसरं पात्र त्याला अडवतं: घरं बांधली जाताना आपण पाहतो, विश्व घडताना कुणी पाहिलंय? आणि कर्ता एकच कशावरून? एखाद्या नवशिक्या देवानं करून बघितलेला आणि अर्धवट टाकलेला प्रयोगही असेल! आता क्लिअँथिसचं वाक्य उचलून “ह्यूम म्हणतो” असं लिहिलं की सगळंच उलटं होतं. फायलो ह्यूमच्या जास्त जवळचा खरा, पण शेवटी तोही थोडा नमतं घेतो. पात्राचं नाव दिलं की हा घोळ टळतो.

देव मानतो म्हणजे मत मवाळ, तेव्हा शिक्षाही मवाळ असणार, हा समज. ख्रिस्ती धर्मात बुद्धीपलीकडचं गूढ काही नाही म्हणणाऱ्या जॉन टोलंडचं पुस्तक १६९७ मध्ये डब्लिनमध्ये सरकारी हुकमानं जाळलं. येशूचे चमत्कार रूपकं आहेत म्हणणाऱ्या थॉमस वुल्स्टनला १७२९ मध्ये दंड आणि कैद झाली. पेनचं ‘एज ऑफ रीझन’ छापल्याबद्दल लंडनचा पुस्तकविक्रेता रिचर्ड कार्लाइल १८१९ मध्ये दोषी ठरला आणि सहा वर्षं डॉर्चेस्टरच्या तुरुंगात राहिला. मागे त्याचं दुकान चालूच! विक्रेता ओळखू येऊ नये म्हणून तिथे पुस्तकांची नावं लिहिलेली एक तबकडी बसवली होती. गिऱ्हाइकानं काटा हव्या त्या पुस्तकावर फिरवायचा, पैसे टाकायचे, की पुस्तक खाली येई. हा कार्लाइल आत गेला तेव्हा देव मानत होता, तुरुंगात नास्तिक झाला. त्याचं वाक्य वापरताना साल बघाच.

जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’ (सृष्टीचा निर्माता, ईश्वर) थेट पेनकडून आला, असं लिहून मोकळं होणं. फुल्यांवरच्या प्रभावाबद्दल ज्या पुस्तकाचं नाव नेहमी घेतलं जातं ते पेनचंच ‘राइट्स ऑफ मॅन’, आणि ते राजकीय हक्कांवरचं आहे. शिवाय १८९१ मध्ये निघालेल्या फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात लग्नापासून अंत्यविधीपर्यंत कसं वागावं तेही सांगितलंय. पेननं त्या वाटेला जाण्याचं कारणच नव्हतं. भटजीशिवाय लग्न लावायचं कसं, हा प्रश्न पुण्यातला होता.