धिंगरी अळंबीसाठी घरातली जागा कशी निवडावी

धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम. तिचं स्पॉन आणायच्या आधी आठवडाभर नुसती जागा बघा. स्पॉन म्हणजे अळंबीचं बियाणं. ते एकदा घरात आलं की थांबत नाही, आणि भरलेले बेड, म्हणजे काड (पिकाचा वाळका पेंढा) आणि स्पॉन भरलेल्या पिशव्या, मग इकडून तिकडे हलवणं जिवावर येतं.

आधी मोसम बघा. धिंगरीला २० ते ३० अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. पुण्या-नाशकाकडे पावसाळा आणि हिवाळ्याची सुरुवात सोयीची. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये धिंगरीचा हट्ट नको. तेव्हा ३० ते ३५ अंशांत येणारी दुधी अळंबी बरी. बटण अळंबीला फळं धरताना १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो, त्यामुळे साध्या घरात तिच्या नादी लागू नये.

आता मुख्य गोष्ट. जागा एक नाही, दोन लागतात. पहिले १५ ते २० दिवस पिशवीतल्या काडावर पांढरी बुरशी, म्हणजे अळंबीचीच वाढ, पसरत असते. तेव्हा अंधार आणि ऊब पुरते. दिवाणाखालची किंवा माळ्यावरची जागा चालते. पिशवी पांढरीशुभ्र झाली की प्लास्टिक काढायचं आणि बेड दुसऱ्या जागी टांगायचे. खरी पारख करायची ती या दुसऱ्या जागेची. अळंबीला कायम अंधार लागतो, हा समज इथेच नडतो.

बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते ठरवलेल्या जागी टांगा आणि पहाटे व दुपारी दोनला आकडे लिहून ठेवा. दुपारी आर्द्रता ५०-६० वर उतरत असेल तर बाजूने ओली गोणपाटं लावून तासाभराने पुन्हा बघा. आकडा चांगला वर चढला तर जागा हाताशी येण्यासारखी आहे.

मग हवा. माझे पहिले बेड मी न वापरातल्या न्हाणीघरात दार लावून ठेवले होते. ओलावा छान, गारवा छान. चौथ्या दिवशी कोंब आले, पण वाढले ते बोटभर लांब, पांढरे देठ आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. अळंबी आपल्यासारखाच श्वास घेते. तिने सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडला की देठ हवेच्या शोधात लांबत जातात आणि टोपी पसरत नाही. दार किलकिलं ठेवून वरची झडप उघडल्यावर पुढच्या खेपेला तळहाताएवढ्या टोप्या आल्या.

म्हणून बेड टांगायच्या उंचीवर एक अगरबत्ती लावून बघा. धूर सरळ वर जाऊन छताखाली साठला तर हवा कोंडलेली आहे. लगेच विस्कटला तर वारा फार; टोप्यांच्या कडा वाळून पिवळ्या पडतील. किंचित डोलत एका दिशेला सरकणारा धूर हवा.

उजेड इतकाच हवा की दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता यावं. थेट ऊन मात्र अजिबात नको.

स्वयंपाकघर टाळा. आंबे-केळ्यांच्या टोपलीवरची चिलटं बेडवर येतात. ओल्या मातीच्या कुंड्यांजवळही माश्या असतात आणि त्यांच्या अळ्या बेड पोखरतात. ओल आलेली भिंत, कुजका पाला, धान्याची कोठी यांच्याजवळ बेड नकोत. हिरवी बुरशी तिथूनच शिरते. झोपायची खोली तर नकोच नको. पिकलेल्या टोप्यांखालून पांढरी भुकटी झडते, ते तिचे बीजाणू. ते श्वासात जाऊन खोकला, ॲलर्जी होते. घरात दम्याचं माणूस असेल तर बेड घराबाहेरच्या शेडमध्ये टांगा. काढणीही टोपीच्या कडा वर वळायच्या आत करा.

दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं असतं, म्हणून जागा येता-जाता दिसणारी असावी. गच्चीवरचा कोपरा दुपारी विसरला जातो. खालची फरशी धुता यावी, मोरी जवळ असावी. ओला बेड चार-पाच किलोंचा भरतो आणि एका दोरीला तीन-चार बेड येतात, तेव्हा आकडा पक्क्या स्लॅबला किंवा तुळईला मारा, पीओपीच्या छताला नाही.

तरीही दोन जागांमध्ये मन अडकलं, तर पहिल्या खेपेला दोनच बेड करा. एक जिन्याखाली टांगा, एक मागच्या व्हरांड्यात. कोंब आल्यावर तीन-चार दिवसांत कुठल्या टोप्या रुंद आणि आखूड देठाच्या आहेत ते बघा आणि पुढच्या खेपेचे बेड तिकडे टांगा.