गोल्डफिशची मोठी टाकी लावताना मासे सगळ्यात शेवटी

गोल्डफिशला काचेच्या गोल भांड्यात कोंडू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. पण टाकी आणली त्याच दिवशी मासेही आणायचे नसतात, हे अजून पचनी पडत नाही. या लेखातला निम्मा मजकूर त्यासाठीच आहे, बाकीचं पटापट उरकतो.

माप: ओरांडा किंवा रायुकिन या गोलमटोल जातींचे दोन-तीन गोल्डफिश पाळायचे तर 200 लिटरच्या खाली जाऊ नका. 120 × 45 × 45 सेंटिमीटरची टाकी यासाठी बरी, काठोकाठ भरली तर तिच्यात 243 लिटर पाणी मावतं. कॉमेटसारखी सडपातळ जात फूटभर वाढते, तिला अंगणातलं तळंच हवं. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. तो वाढत नाही तो घाण पाण्यात खुरटतो म्हणून.

जागा: नुसतं पाणीच 240 किलो भरतं. काच, वाळू आणि स्टँड धरून आकडा 300 च्या घरात जातो. त्यामुळे पाणसळ लावून स्टँड समपातळीत आहे ना ते बघा, आणि थेट ऊन येणारी जागा टाळा.

तळ: बारीक वाळू, नाहीतर तोंडात मावणार नाहीत एवढे गोटे. वाटाण्याएवढे खडे अजिबात नकोत. गोल्डफिश दिवसभर तळ चघळत फिरतो आणि असा खडा घशात अडकतो.

फिल्टर: तासाला टाकीतलं पाणी सहा-आठ वेळा फिरवेल असा घ्या, जोडीला एअर पंप. पाणी भरा, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं द्रावण) टाका, सगळं चालू करा.

आता खरं काम. मी इथे बरेच दिवस अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोल्डफिश कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो आणि तो त्यालाच विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर चिकटून राहतात. ‘पाणी आठवडाभर तसंच मुरू द्या, मग मासे सोडा’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. खायला अमोनियाच नसेल तर जिवाणू वाढतील कशावर? जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्यातही फारसा अर्थ नाही. आणायचाच तर निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज आणा, ओलाच, आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. आठवडे वाचतील.

तो मिळाला नाही तर अमोनिया आपण घालायचा. अमोनिया, नायट्राइट मोजायला थेंबांची टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, 200 लिटरला साधारण सव्वा ग्रॅम घातला की लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. डाख द्यायला वापरतात तो नवसागर नको, त्यात भेसळ असू शकते. पाणी 26-28 अंशांवर राहिलं तर जिवाणू लवकर वाढतात. फिल्टर रात्रीही बंद करू नका.

काही दिवसांनी अमोनिया उतरू लागेल. उतरला की पुन्हा घाला. मग नायट्राइट चढतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरली की रोज तोच गडद रंग. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. कुणी अख्खी टाकी धुऊन काढतं, कुणी कंटाळून मासे सोडतं. दोन्ही करू नका. नायट्राइट फार चढला असेल तर अर्धं पाणी बदला आणि पीएच तपासा. या प्रक्रियेत पाण्यातला क्षार खर्च होतो, पीएच 6.5 च्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात. चमचाभर खाण्याचा सोडा घाला, पुन्हा मोजा. सगळं मिळून चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. दुकानात मिळणारे बाटलीतले जिवाणू ओतायचे तर ओता, पण निकाल किटनेच द्यायचा.

2 मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. साठलेला नायट्रेट काढायला बहुतेक पाणी बदला, तापमान 20-22 अंशांवर आणा आणि मासे सोडा. मासे मिळायला उशीर होणार असेल तर अमोनिया देत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी मरतील.

पहिला आठवडा रोज टेस्ट करा आणि खाणं हात राखून द्या. पुढे दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायचं. स्पंज मळला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही: क्लोरीनने जिवाणू मरतात आणि चार-सहा आठवड्यांची मेहनत बेसिनमधून वाहून जाते. झाडं हवी असतील तर अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधून ठेवा. बाकीची बहुतेक गोल्डफिश फस्त करतो, नाहीतर उपटून वर तरंगत ठेवतो.