टूसॉनची थंडी : आकडा दुपारचा नको, पहाटेचा बघा

ऑगस्टमध्ये इथे, अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या टूसॉनला, शिकायला आलेली आपली मुलं नोव्हेंबर उजाडला की एकच प्रश्न विचारतात. "काका, जॅकेट घ्यायचं का? ॲपवर तर ७५ दाखवतंय." (पहिली पाच वर्षं मी दादा होतो. काका कधी झालो ते कळलंच नाही.)

घ्यायचं. ७५ हा दुपारी तीनचा आकडा आहे. तुम्ही लॅबमधून सायकल हाणत घरी येता रात्री दहाला आणि बसस्टॉपवर उभे राहता सकाळी सातला. त्या वेळी ४५ असतं. तोंडी हिशेब असा : फॅरनहाइटमधून ३० वजा करा आणि उरलेल्याचे निम्मे करा. म्हणजे दुपारी साधारण २२ अंश सेल्सिअस आणि सकाळी सात-आठ. एकाच दिवसात उबदार दुपार आणि महाबळेश्वरची पहाट.

मी जळगावचा. उन्हाबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती, म्हणून इथे आलो तेव्हा जरा ऐटीत होतो. वाळवंटात थंडी ती काय पडणार! पण हवा कोरडी असते म्हणजे नेमकं काय, ते इथे कळलं. हवेतली वाफ आणि ढग रात्री पांघरुणाचं काम करतात. इथे ते पांघरूणच नाही. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब सरळ आकाशात सोडून देते. नोव्हेंबरअखेरीस सूर्य मावळतो सव्वापाचच्या सुमारास, आणि साडेसहाला तुम्ही हात खिशात घालून चालत असता. स्वेटर पिशवीत ठेवायची सवय लावून घ्या. सकाळी घालायचा, अकराला काढायचा, पाचला पुन्हा चढवायचा.

आता डोंगर. शहर साधारण २,४०० फुटांवर आहे आणि उत्तरेला समोर दिसतो तो सांता कॅटलिनाचा डोंगर. त्याचं टोक, माउंट लेमन, ९,१५७ फुटांवर. कॅटलिना हायवेने वर जाताना पायथ्याशी सग्वारो कॅक्टस असतात, मग ते मागे पडतात, खुरटी ओकची झाडं येतात आणि शेवटी पाइन आणि फर. तासाभरात मेक्सिकोच्या सीमेवरून कॅनडात गेल्यासारखं वाटतं. तापमान शहरापेक्षा २५-३० अंश फॅरनहाइटने खाली असतं. मी पहिल्या नोव्हेंबरात सँडल घालून गेलो होतो. विंडी पॉइंटला फोटो काढायला उतरलो, नावात वारा आहे हे दिसत असूनही, आणि दोन मिनिटांत पायाची बोटं आपली नाहीत असं वाटू लागलं. वर समरहेवनला बर्फ पडलेला होता. बरोबरच्या माणसाने गाडीतली टॉवेलची गुंडाळी माझ्या पायांना बांधली. तो फोटो अजून दर दिवाळीला निघतो.

डोंगरावर जायचं असेल तर अंदाजात "स्नो लेव्हल" हा शब्द शोधा. "६,००० फूट" लिहिलेलं असेल तर त्याच्या वरच्या रस्त्यावर बर्फ, खाली पाऊस. वादळानंतर पोलीस रस्ता बंद करतात किंवा चाकांना चेन लावलेल्या, नाहीतर चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात. आपली जुनी कोरोला घेऊन तिथे हुज्जत घालू नका.

डोंगराचा आणखी एक खेळ घर भाड्याने घेण्याआधी माहीत असावा. डोंगराच्या पायथ्याशी, फूटहिल्समध्ये, थंडी जास्त असेल असं कुणालाही वाटेल. शांत, निरभ्र रात्री उलटंच होतं. थंड हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळते आणि रिलिटोसारख्या कोरड्या नद्यांच्या काठी, सखल भागात साचून बसते. उतारावरचे लोक तुमच्यापेक्षा काही अंश उबेत झोपतात. फोनवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा विमानतळाचा असतो. तुमचं घर "वॉश"च्या, म्हणजे अशा कोरड्या नदी-ओढ्याच्या, काठी असेल तर त्यातून मनातल्या मनात तीन-चार अंश वजा करा.

पाऊस. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथला मान्सून असतो (हो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात) आणि तो आपल्या वळवासारखा धिंगाणा घालतो. नोव्हेंबरातला पाऊस वेगळ्या घराण्यातला. तो पॅसिफिकवरून येतो आणि रिपरिप पडतो. कधी महिनाभर फिरकतही नाही. त्याचा क्रम मात्र ठरलेला असतो. आदल्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा सुटतो, धूळ उडते, हवा जरा उबदारच वाटते. मग ढग आणि पाऊस. मग वारा फिरतो आणि दुपारही गार होते. लोक म्हणतात, आली थंडी आणि गेली. गेलेली नसते. खरी रात्र त्यानंतरची. आकाश धुऊन निघालेलं, वारा पडलेला, हवा कोरडी. पारा ३२ ला (फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सिअस) टेकतो तो अशा रात्री. शहरातली पहिली गोठवणारी रात्र बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटाला किंवा डिसेंबरात येते, आणि ती बहुधा अशीच, पावसाच्या मागून येते. "फ्रीझ वॉच" म्हणजे शक्यता आहे, "फ्रीझ वॉर्निंग" म्हणजे आता उठा.

उठून काय करायचं? तर तुळस आत घ्यायची.

हे मी हसण्यावारी नेत नाही. माझी पहिली तुळस अशीच गेली. रोप कसंबसं मिळवलेलं, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालून जगवलेलं. कार्तिकात आम्ही बाल्कनीत तिचं लग्न लावलं. उसाऐवजी बांबूच्या काड्या, मंगलाष्टकं फोनवरून. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी पाऊस झाला, मी खूश, आज पाणी घालायला नको म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी काळी-हिरवी आणि लोंबकळलेली. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे : लग्न लागलं की नवरीला घरात घ्यायची. कढीलिंबालाही तेच, तो पानं झाडतो पण मुळाशी जिवंत राहतो, म्हणून फेकू नका.

कुंडीतलं आत नेता येतं. जमिनीतल्या बोगनवेलीवर, लिंबावर जुन्या चादरी टाकायच्या, पार जमिनीपर्यंत, म्हणजे मातीची ऊब आत अडकते. प्लॅस्टिक नको, पानाला चिकटतं तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढायच्या. आणि आदल्या दिवशी मातीला पाणी द्यायचं, कारण ओली माती ऊब जास्त धरते. हे ऐकलं तेव्हा मला घर आठवलं. डिसेंबरच्या गारठ्यात आमच्याकडे केळीच्या बागांना रात्री पाणी देतात आणि बांधावर पहाटे शेकोट्या करून धूर धरतात. टूसॉनची नर्सरीवाली बाई मला तेच समजावत होती आणि मी मान डोलवत होतो.

घरात : जुन्या घरांच्या छपरावर स्वॅम्प कूलर, म्हणजे आपला पाण्यावर चालणारा कूलर, असतो. तो आता बंद, त्यातलं पाणी काढलेलं आणि झाकलेला हवा, नाहीतर त्याच्या भोकातून गारठा सरळ पलंगावर उतरतो. मालकाला आत्ताच सांगा. हीटर पहिल्यांदा लावाल तेव्हा जळका वास येईल. उन्हाळाभर साचलेली धूळ जळते ती. खिडकी उघडा, थोड्या वेळात जातो. वास गेलाच नाही तर हीटर बंद करून मालकाला फोन. बाहेरच्या उघड्या नळाला जुनं टॉवेल गुंडाळा. फेब्रुवारी २०११ मध्ये इथे पाइप फुटले होते आणि बऱ्याच घरांचा गॅसही गेला होता, जुने लोक अजून ती रात्र सांगतात.

खोबरेल तेल बाटलीत गोठलं की घर २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं असं समजा. आमचा थर्मामीटर तोच. तेच तेल अंघोळीनंतर ओल्या अंगाला लावा, कारण टाचा आणि ओठ आता फुटणार. पॉलिस्टरच्या ब्लँकेटमधून रात्री ठिणग्या उडतात, घाबरू नका. दही लागत नसेल तर ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवा. पोळ्या डब्यातून बाहेर ठेवल्या तर दहा मिनिटांत पापड.

एक गोष्ट मात्र गंभीर. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे "व्हॅली फीव्हर" होतो. ॲरिझोनात त्याचे रुग्ण उन्हाळ्यात वाढतात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. खोकला, ताप आणि अंगातला थकवा आठवडा उलटूनही जात नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, व्हॅली फीव्हरची तपासणी करा. पुष्कळदा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देतात आणि बुरशीवर त्याचा काही उपयोग नसतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण डिसेंबरात सुट्टीला घरी गेलात आणि तिथे आजारी पडलात तर "मी ॲरिझोनात राहतो" हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आता लांब पल्ल्याचा अंदाज. राष्ट्रीय हवामान सेवेचं केंद्र तीन-तीन महिन्यांचा नकाशा काढतं आणि त्यात आपल्या भागावर तपकिरी रंग दिसला की ग्रुपवर सुरू होतं, यंदा थेंब नाही. तसं नसतं. तीन खाने असतात : सरासरीपेक्षा कमी, सरासरीच्या आसपास आणि जास्त. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. "कमी पावसाची शक्यता ४० टक्के" म्हणजे पारडं जरासं झुकलं, एवढंच. ला निन्याच्या हिवाळ्यात इथे बहुधा कोरडं जातं, एल निन्योत पाऊस जास्त पडण्याकडे कल असतो. बहुधा. जॅकेट दोन्हींत लागतंच.

थँक्सगिव्हिंगला सगळे ग्रँड कॅन्यनला पळतात. साउथ रिम ७,००० फुटांच्या आसपास आहे, रात्री पारा शून्य सेल्सिअसच्या खाली जातो, वाटेतल्या फ्लॅगस्टाफलाही बर्फ असू शकतो. फिनिक्सच्या वाटेवर, पिकाचो शिखराच्या आसपास, वारा सुटला की धुळीची भिंत उभी राहते. २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस तिथे धुळीत गाड्यांवर गाड्या आदळून माणसं गेली. समोर काही दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवलेत तर मागचा त्यांचा माग काढत तुमच्यावरच येतो.

आईला फोन करायची वेळ बदलू नका. बाकीची बहुतेक अमेरिका नोव्हेंबरात घड्याळं मागे घेते, ॲरिझोनात आपण काही करत नाही. भारत बारा महिने साडेबारा तास पुढे. बदलतात ते न्यू जर्सीचे मित्र : आता ते तीनऐवजी दोनच तास पुढे.

जुन्या चादरी नसतील तर थ्रिफ्ट स्टोअरमध्ये स्वस्त मिळतात. माझ्याकडे तीन जादा आहेत. रविवारी सकाळी घरी असतो, येऊन न्या. मार्चमध्ये परत आणून द्यायच्या, धुऊन.