लाट पकडायची कशी, पाण्यातली आणि नशिबाचीही

एखाद्याचं नशीब फळफळलं की आपण सहज म्हणतो, बरोबर लाट पकडली बघ त्याने. जणू लाट आली, हा उभा राहिला आणि झालं. पण सर्फिंगमधे, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवरून घसरत जायच्या खेळात, उभं राहणं सगळ्यात शेवटी येतं, खरी मेहनत त्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

आधी जागा धरा. सर्फर लोक लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडे बोर्डवर बसतात, नजर समुद्राकडे. लाटा गटाने येतात, त्याला सेट म्हणतात, मधे बराच वेळ काहीच नसतं आणि कंटाळून किनाऱ्यावर गेलेल्याला पुढचा सेट नुसता बघावा लागतो. ज्या क्षेत्रात संधी हवी तिथल्या लोकांत आधीपासून वावर ठेवा, आणि हातात काम नसेल तेव्हाही.

आता मुख्य गोष्ट, पॅडलिंग. लाट येताना दिसली की बोर्ड किनाऱ्याकडे वळवून पालथं पडायचं आणि हाताने जोरात पाणी मारत सुटायचं, कारण तुम्हाला वेगच नसेल तर लाट तुम्हाला नुसती उचलते आणि खालून निघून जाते. बोर्डची शेपूट उचलली गेली की वाटतं मिळाली, नवखे इथेच हात थांबवतात आणि लाट जाते, खरंतर तेव्हाच अजून दोनतीन हात मारायचे आणि मग उठायचं. नोकरीचंही तेच, तोंडी "हो" आलं म्हणून निवांत बसू नका, लेखी हातात येईपर्यंत पाठपुरावा चालू ठेवा.

आणि प्लीज, दुसऱ्याच्या लाटेत घुसू नका. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याचा हक्क पहिला, हा सर्फिंगचा नियम मला फार आवडतो.

मिळालेली लाट वापरावी कशी ते हवाईच्या सर्फर ड्यूक कहानामोकूकडून शिकावं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमधे पोहण्यात सुवर्णपदक मिळालं, मग पोहून दाखवायला ऑस्ट्रेलियातून बोलावणं आलं, तर पठ्ठ्याने तिथेच बोर्ड बनवून सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर बीचवर लोकांना सर्फिंगही दाखवलं!

लाटेचा जोर संपत आला की तिच्या पाठीवरून मागे उतरा, उगाच किनाऱ्यापर्यंत ताणू नका, नाहीतर फेसातून परत बाहेर जाण्यातच दम जातो आणि पुढचा सेट हुकतो. चांगले दिवस ओसरायला लागले की पुढच्या कामाची शोधाशोध तेव्हाच सुरू करा, अंगात जोर असताना.