इलेक्ट्रिक गाडीच्या एसीचा गॅस गळतोय? आधी भोक शोधा, मग गॅस भरा

"गॅस मारलो की झालं, जावा तुम्ही." बेळगावात एकाच उन्हाळ्यात हे वाक्य मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा महिनाभरात गाडीत पुन्हा कोमट वारा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. ती जागा न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

पेट्रोलच्या गाडीत फार तर घाम येतो. कूलंटने बॅटरी गार ठेवणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मात्र ते कूलंट थंड करायचं काम हाच गॅस करतो. म्हणून एप्रिलच्या उन्हात निपाणीहून हायवेने येऊन फास्ट चार्जर लावला आणि वेग नेहमीपेक्षा फारच कमी दिसला, तर एसीकडेही संशयाने बघा.

आधी सुरक्षेचं. गाडी बंद, चावी लांब, चार्जर काढलेला. चार्जिंग चालू असताना पुढचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. भगव्या रंगाच्या हाय व्होल्टेज केबल्सना हात लावायचा नाही. एसीचा कॉम्प्रेसर त्याच हाय व्होल्टेजवर चालतो. तुम्ही घरी करायचं ते फक्त बघणं आणि साबण लावणं. नटाला पाना लावणं शिकलेल्या माणसाचं काम. गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते: गाड्यांच्या एसीत सर्रास असणारा आर-134ए गॅस उणे 26 अंशाला उकळतो.

आता शोध. बॉनेट उघडण्याआधी गाडी धुऊ नका. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं, ते गळतीच्या जागी पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. खानापूर-जांबोटीकडचा लाल चिखल अशा डागावर चिकटून राहतो. वॉशिंगला दिली की पुरावा गेला. टॉर्च घेऊन नळ्यांचे सांधे, कंडेन्सरच्या (गरम गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) कडा आणि गॅस भरायच्या दोन तोंडांवरची टोपणं बघा. टोपण हरवलेलं असणं फार सामान्य आहे, आणि आतली पिन सायकलच्या व्हॉल्व्हसारखीच हळूहळू सोडते. कंडेन्सर सगळ्यात पुढे असल्याने उडालेले खडे तोच खातो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलवर मात्र वेळ घालवू नका. मोटर आतच बंद असल्याने बेल्टवाल्या कॉम्प्रेसरसारखा शाफ्ट बाहेर येतच नाही.

मग भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवून ब्रशने संशयित सांध्यांवर लावा, मिनिटभर थांबा. बुडबुडे वाढत गेले तर चोर सापडला. बारीक गळती साबणाला सापडत नाही. त्यासाठी गॅरेजमधला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचं टोक सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवायचं. डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (आतली हवा गार करणारी जाळी) दिसत नाही. ब्लोअर थोडा वेळ चालवून बंद करायचा आणि पाणी गळायच्या नळीशी डिटेक्टर धरायचा.

तरीही सापडलं नाही तर उरलेला गॅस मशीनने काढून घेऊन, दाब टिकतो का ते बघायला कोरडा नायट्रोजन भरतात, साधारण 10 बार, रेग्युलेटर लावूनच. ऑक्सिजन किंवा टायरची हवा चालत नाही. दुपारी 30 अंशाला भरला आणि रात्री 20 अंश झाले तर गळती नसतानाही काटा 0.3 ते 0.4 बार उतरतो. तेवढ्याने घाबरून नळ्या बदलू नका.

माझ्या गाडीत शेवटी कंडेन्सरच्या सांध्याची ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं) खराब निघाली, काही रुपयांची वस्तू. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या दुकानात त्याच मापाची मिळेल, पण माप जुळलं तरी रबर जुळेलच असं नाही. एसीसाठीची एचएनबीआर रबराचीच घ्या. बसवताना तिला कॉम्प्रेसरचंच तेल लावायचं. भोक पडलेल्या नळीला एम-सील थापू नका आणि गळती बुजवणारं औषधही आत सोडू देऊ नका. नळी बदला.

इथे खरी गोम आहे. बहुतेक इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये पीओई जातीचं तेल असतं, कारण ते विजेच्या गुंडाळीत मुरलेलं असतं आणि त्याने वीज वाहू द्यायची नसते. पेट्रोल गाड्यांचं पीएजी तेल थोडं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन कमजोर होऊन गाडी फॉल्ट दाखवते. म्हणून विचारा: तुमच्या मशीनचे पाइप साफ केलेत का? कुठलं तेल घालता? उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी वळवा. पीओई तेल ओलावाही शोषतं. आपल्याकडच्या जुलैत सांधा उघडा ठेवून फिटर चहाला गेला, तर तोंडाला बूच लावायला सांगा.

जोडणी झाली की अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं, मग व्हॉल्व्ह बंद करून काटा हलतो का ते बघणं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, म्हणजे हवेचा दाबच कमी, त्यामुळे साध्या गेजवर (पाऱ्याच्या इंचांत) 29 इंच कधीच दिसणार नाही. 27 च्या आसपास थांबला की पंप ठीक आहे. शक्यतो डिजिटल गेज मागा आणि 500 मायक्रॉनखाली (व्हॅक्यूमचं बारीक माप, जितकं कमी तितकं चांगलं) उतरू द्या.

गॅस कुठला आणि किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये असतं. तो वजनकाट्यावर मोजूनच भरायचा, प्रेशर बघून अंदाजाने नाही: आत थोडा द्रव जरी उरला असला तरी बंद गाडीचं प्रेशर पूर्ण भरलेल्या गाडीइतकंच दिसतं. माझी दोनदा फसगत झाली ती इथेच. बिलावर ग्रॅम, तेलाची जात आणि तारीख लिहून घ्या.