आजी-मावश्यांचा साक्षरता वर्ग चालवायचाय? मग असं करा

वस्तीत, वाडीवर किंवा सोसायटीत कामाला येणाऱ्या मावश्यांसाठी लिहा-वाचायचा वर्ग काढायचा असेल तर फळा-खडू नंतर आणा, आधी वेळ ठरवा, आणि ती तुम्ही नाही, त्यांनी ठरवायची. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा माहितीये ना, ८ मार्च २०१६ ला सुरू झालेली, गुलाबी साडीच्या युनिफॉर्मवाली? ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत पण ती शाळा दुपारी दोन ते चार भरायची याकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे, सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळची चूल अजून पेटायची. शहरात घरकाम करणाऱ्यांना हीच वेळ बहुतेक जमते, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर, पण तेव्हा डोळ्यावर झोप असते त्यामुळं तासाच्या वर ताणू नका. सुगीच्या दिवसात वर्ग सरळ बंद ठेवा, रिकाम्या चटयांसमोर बसून चिडण्यात अर्थ नाही.

जागा म्हणजे समाजमंदिर, देवळाची ओसरी, कुणाची पडवी, काहीही चालेल, फक्त उजेड भरपूर पाहिजे. आठ-दहा जणी पुष्कळ झाल्या. सरकारी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७) चालू आहे, १५ वर्षांवरच्या कुणाही निरक्षर माणसासाठी, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटून आपल्या वर्गातल्या बायकांची नावं आणि स्वयंसेवक म्हणून तुमचं नाव उल्लासच्या अॅपवर नोंदवून घ्या. मानधन नाही, ते आधीच सांगतो.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही, चष्मा! चाळिशी ओलांडलेल्या बाईला जवळचं दिसत नसतं आणि तिनं आयुष्यात कधी काही वाचलेलं नसल्यामुळं तिला ते कळलेलंच नसतं, सुईत दोरा नातवाकडनं ओवून घेते तेवढंच. मग ती 'माझ्या डोक्यात शिरत नाही' म्हणते आणि आपण खुशाल मान डोलावतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासून घ्या, ग्रामीण रुग्णालयात किंवा गावात शिबिर लागलं असेल तिथं. साधा वाचायचा चष्मा लागला की अर्धी 'मंदबुद्धी' तिथंच गायब होते.

शिकवायला अ आ इ ई पासून सुरुवात करू नका, प्लीज. बाराखडी पाठ करवून घेणं म्हणजे बाई पुन्हा सहा वर्षांची होते, आणि शेजारच्या पोरांसमोर ते नको वाटतं. सुरुवात तिच्या नावापासून. कमल असेल तर मजाच, क म ल, काना नाही मात्रा नाही. त्या तीन अक्षरांतनं कल, मल, कलम असे शब्द तिच्याकडनंच काढून घ्या. मग र आणि स दिला की कमर, रस, सरक, सरल... दोन-चार अक्षरांत शब्दांची रांग लागते आणि 'अगं हे तर वाचता येतंय' असं होतं. नंतर काना आणा, कारण काम, मका, साल, माल असे रोजचे शब्द पटापट येतात, मग वेलांट्या, उकार, मात्रा. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. आता लक्ष्मी नावाच्या बाईचं काय करायचं हा प्रश्न येतोच, क्ष् आणि मी एकदम! तिला फोड करून सांगत बसू नका, पूर्ण नाव एक चित्र समजून गिरवू द्या, फोड दोन महिन्यांनी आपोआप कळेल.

आधी पाटी, मग वही. ज्या हातांनी आयुष्यभर खुरपं धरलंय ते पेन्सिल इतकी दाबून धरतात की टोक मोडतं आणि बोटं दुखतात, त्यामुळं जाड पेन्सिल द्या आणि रेघ मोठी द्या. सही मात्र थेट खऱ्या कागदावर शिकवा. बँकेची कोरी विड्रॉल स्लिप आणा, त्यातला सहीचा चौकोन केवढासा असतो ते बघा, पाटीभर नाव लिहिणारी बाई तिथं अडकते कारण नाव चौकोनाच्या बाहेर पळतं. तर कागदावर तेवढाच चौकोन आखून रोज पाच वेळा. बचत गटाच्या इतिवृत्तात अंगठ्याच्या जागी पहिली सही पडली ना की पुढच्या आठवड्यात दोन नवीन बायका वर्गाला येतात, जाहिरात करायची गरज नाही. आणि हो, 'अंगठाबहाद्दर' हा शब्द वर्गात कुणी चेष्टेतसुद्धा वापरायचा नाही.

गणितात तर त्या तुमच्यापेक्षा हुशार असतात हे धरूनच चाला. भाजी विकणारी बाई पावशेर, अडीच पाव, दीड किलोचे पैसे तोंडी सांगते, तुम्ही मोबाईल काढेपर्यंत. तिला बेरीज शिकवायची नाहीये, तिच्या डोक्यातली बेरीज कागदावर कशी उतरते एवढंच दाखवायचंय. विचारा, 'तुम्ही हे कसं केलं?' आणि ती सांगेल तसं लिहा, मग हातचा दाखवा. खरी अडचण आपल्या आकड्यांच्या नावांची आहे, पासष्ट म्हणताना पाच आधी येतो म्हणून ५६ लिहितात, आणि एकोणतीस, एकोणसाठ यांनी तर घाम फुटतो. (२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आणलं तेव्हा सगळ्यांनी खिल्ली उडवली, पण या वर्गात बसून बघा म्हणजे त्यामागचं दुखणं कळेल.) उपाय साधा, नोटा मांडा, दहाच्या सहा आणि एकाची पाच नाणी, आणि डावीकडनं लिहायला लावा. दुसरं म्हणजे इंग्रजी आकडे सोबतच शिकवा, कारण मोबाईल, सिलेंडरचं बिल, दवाखान्याचा नंबर, सगळीकडं तेच असतात.

कॉम्प्युटर म्हणजे इथं मोबाईलच, कीबोर्ड-माउसच्या भानगडीत आत्ता पडू नका. पहिला धडा एकेक आकडा वाचून नंबर लावायचा, स्वतःच्या लेकीला. उचलला की झालं, त्या दिवशी पुढं काही शिकवू नका, शिकणारही नाहीत. घासून-धुवून कोरडी पडलेली बोटं टचस्क्रीनला कधी कधी कळतच नाहीत, तर फोन बिघडला समजून त्या घाबरतात, बोट थोडं ओलं करून पुसायला सांगा. (आधारच्या मशीनवर अंगठा कधी कधी उमटत नाही तेही असंच, झिजलेल्या आणि कोरड्या बोटांमुळं, त्यात त्यांचा काही दोष नाही हे एकदा सांगून टाका.) मग फोटो लावून नंबर सेव्ह करणं, व्हॉट्सअॅपवर बोलून मेसेज पाठवणं, मराठी कीबोर्ड. बोलून टाईप करता येतं तर लिहायचं कशाला असं त्या विचारतीलच, तर बोललेलं बरोबर उमटलंय का हे वाचून तपासायला लावा, वाचनाचा सराव फुकटात होतो.

पैशांच्या बाबतीत नियम पाठच करून घ्या, ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, जावयाला पण नाही, आणि मोबाईलवर कुणाकडनं पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, कोणी मागितला तर तो चोर. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकीच्या हातानं लिहून घ्या.

शेवटी उल्लासची चाचणी असते, १५० मार्कांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा म्हटलं की काही जणी त्या दिवशी नेमक्या आजारी पडतात, म्हणून आधी दोनदा तरी तसाच पेपर शाळेच्या त्याच वर्गात बसून सोडवून घ्या, आणि त्या दिवशी सगळ्यांना एकत्रच घेऊन जा. पास झालेल्यांना सर्टिफिकेट मिळतं, ते लॅमिनेट करून द्या. ज्यांना पुढं शिकायचंय त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी आहे, त्याचे फॉर्म कधी निघतात ते शाळेत विचारून ठेवा, कारण वर्ग संपल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारणारच, 'आता दुपारी काय करायचं?'